पाच मिनिटांची वीणा

माझा कान तिखट आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे. मी मोजणी खात्यात नोकरी करतो. दिवसभर लोकांच्या बांधावर उभा राहून कोण कोणाच्या रानात किती घुसलाय ते सांगतो. संध्याकाळी हातपाय धुऊन घरात बसलो तरी कान ड्युटीवरच असतो. कोणाचा पंचम शेजारच्या धैवताच्या हद्दीत शिरला, कोणाचा निषाद बांधाच्या अलीकडेच थांबला, याचा पंचनामा आपोआप होत राहतो. कोणी अर्ज केलेला नसतो.

आमच्या नांदेडच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते. तिच्यावरचं गाणं कधीकाळी सुरात असावं, पण गाडीची बॅटरी उतरेल तसं ते उतरत गेलं. एके दिवशी मी कचऱ्याचा डबा हातात धरून ड्रायव्हरला म्हणालो, "दादा, अर्ध्या सुराने खाली आलाय." त्याने काळजीने खाली वाकून मागचं चाक पाहिलं. तेव्हापासून तो आमच्या दारात गाडी थांबवत नाही, डबा मला पळत्या गाडीत रिकामा करावा लागतो.

घरातला मिक्सर पेटीच्या काळी दोनमध्ये चालतो. त्यात खोबरं टाकलं की खाली येतो, शेंगदाण्याने अजून खाली. हे मी बायकोला एकदाच सांगितलं. आता ती चटणी वाटायला घेतली की बैठकीत डोकावून विचारते, "आज कुठल्या सुरात वाटू?" मी उत्तर देतो. उत्तर देऊ नये हे मला कळतं, पण तोंड ऐकत नाही.

तोंडाचाच सगळा घोटाळा आहे. लातूरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. आमचं मूळ गाव रेणापूरकडचं, त्यामुळे तिकडची सगळी मंडळी झाडून आलेली. आपल्याकडे मंगलाष्टकांचा माइक म्हणजे सार्वजनिक पाणवठा, ज्याला वाटेल तो येतो. एका मामांनी असा सूर लावला की त्याच्या वर जायला जागा नाही आणि खाली उतरायला वाट नाही. मी पहिल्या रांगेत होतो. मला राहवलं नाही. मी मोठ्याने, स्वच्छ, लांब "सा" दिला. मामा थबकले. गुरुजींना वाटलं, घरच्यांनीच वेळ झाल्याची खूण केली. त्यांनी "सावधान" म्हटलं, अंतरपाट सरकला, अक्षता उडाल्या, बाहेर बँड सुरू झाला. मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती. त्या नवराबायकोचं छान चाललंय. तरीही त्यांच्यात भांडण झालं की वहिनी मला फोन करतात.

ही सगळी गंमत बाहेरच्यांची. घरात मात्र गंमत राहिली नव्हती.

माझी मुलगी नऊ वर्षं गाणं शिकत होती. दहाव्या वर्षी सुरू केलं, आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मी स्वतः गात नाही. मला गाता येत नाही, फक्त दुसऱ्याचं चुकलेलं कळतं, आणि हा माणसाचा सगळ्यात वाईट प्रकार असावा. ती रियाझाला बसली की मी पेपर घेऊन शेजारच्या खोलीत बसायचो. गंधार जरा उतरला की "वर" म्हणायचो. तोंड दाबून धरलं तर माझं बोट वर जायचं. बोट खिशात घातलं तर मी खाकरायचो. हळूहळू ती दार लावून गायला लागली, मग न्हाणीघरात नळ सोडून. नळाचा आवाज पांढरी पाचच्या आसपास होता. मी तेही सांगितलं. त्यानंतर ती घरात गाईनाशी झाली.

मग त्या डिसेंबरात तिच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं आणि तिचं नाव गाण्याच्या यादीत असल्याचं मला बायकोकडून कळलं. मुलीने मला बोलावलं नव्हतं. बायकोने मध्यस्थी केली. आठ दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"या. पण शेवटच्या रांगेत बसायचं. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, बोट वर करायचं नाही. यातलं काहीही केलंत तर मी गाणं सोडून देईन, बाबा. खरंच सोडेन. आणि आला नाहीत तर मी समजेन की तुम्हाला राग आला."

ती ओरडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. मी घाबरलो.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता, आणि त्याच दिवशी सासुरवाडीच्या सप्ताहात पंगत आमच्या सासऱ्यांच्या घरची होती. सासुरवाडी मुखेडच्या अलीकडे, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. घरातलं एक माणूस पंगतीला हजर पाहिजेच. बायकोला मुलीची साडी नेसवायची होती, म्हणून माझी रवानगी झाली. हिशेब साधा होता. अकराला पंगत, एकची एसटी, साडेतीनला नांदेड.

सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नामस्मरण. त्यात वीणा खाली ठेवायची नाही हा मुख्य नियम. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तासांचे पहारे असतात, यादी मंदिराच्या भिंतीला चिकटवलेली असते. ज्याच्या गळ्यात वीणा, तो उभा राहणार आणि तोंडाने "रामकृष्णहरी"खेरीज दुसरं काही बोलणार नाही. निदान त्या गावात तरी असं आहे.

मी पोटभर जेवलो. साडेबाराला निरोप घ्यायला मंदिरात गेलो. तिथे माझा मेव्हणा वीणा घेऊन उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा असा उजळला की मी लगेच परत फिरायला हवं होतं.

"रामकृष्णहरी," तो म्हणाला आणि डोळ्यांनी रानाकडे खूण करायला लागला. रानात खांबावरचा दिवा लागला होता. म्हणजे शेतीची लाईट आली होती, दोन दिवसांच्या बिघाडानंतर. हरभऱ्याचं पाणी अडलेलं. मंडपातली सगळी माणसं एकेक करून चपला शोधायला लागली होती. मेव्हण्याने खाली वाकून माझे पाय धरले. दुसऱ्याने पाय धरले की आपणही त्याचे धरायचे, अशी पद्धत. मी वाकलो. उठलो तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती.

"दाजी, पाच मिन्टं. मोटार टाकून आलोच," असं म्हणत तो चालता झाला.

जावयाला नाही म्हणायची सोय नसते. पण खरं सांगतो, त्या क्षणी मी हाक मारून कोणालाही थांबवू शकलो असतो. मंडपात अजून पाच-सहा जण होते. मी हाक मारली नाही, कारण माझा अंगठा तारेला लागला होता. चार तारा, चारही चार दिशांना. सहा दिवस हे गाव त्या आवाजात उभं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं. माझ्या मात्र दाढा शिवशिवल्या. मी खुंट्या पिळायला लागलो.

वीणा लावायला किती वेळ लागला ते मला कळलं नाही. शेवटी चारही तारा एकमेकींशी नीट बोलायला लागल्या तेव्हा मी मान वर केली. मंडपात चिटपाखरू नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. एकची एसटी गेली होती.

चिटपाखरू नव्हतं म्हणजे एक होतं. खांबाला टेकून माझ्या बायकोचे चुलत आजोबा बसले होते. पहाऱ्याची यादी तेच सांभाळतात आणि सप्ताहाचे सगळे नियम त्यांना पाठ आहेत. नवीन नियमही तेच करतात. महिनाभरापूर्वी नातवाच्या मोटारसायकलवरून पडल्यामुळे त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

मी वीणेकडे बोट दाखवून, मग त्यांच्याकडे बोट दाखवून विनवणी केली.

"मला न्हाई घेता येत, जावईबापू," ते म्हणाले. "गळ्यात आधीच हात हाय. वीणेला जागा कुठं हाय?"

मी घड्याळ दाखवलं. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने मेव्हण्याला फोन लावला. फोन माझ्या पायाजवळच वाजला, मंदिराच्या बोर्डावर चार्जिंगला लावलेला. मेव्हण्याचं रान तिथून तीन किलोमीटर. कीर्तनकार महाराज देवळामागच्या खोलीत झोपले होते आणि त्यांना दुपारचं उठवायची गावात कोणाची छाती नाही. सासऱ्यांना पंगत वाढून कणकण आली होती, ते पांघरूण घेऊन पडले होते. आजोबांनी यादीतली नावं एकेक करून वाचली आणि प्रत्येकापुढे म्हणाले, "पाण्यावर." सगळं गाव पाण्यावर गेलं होतं.

आता मला रडू यायचं बाकी होतं. मी मनात मुलीचा चेहरा आणला, तो शांत चेहरा. नियम मोडायचं ठरवलं आणि मोठ्याने बोललो, "आजोबा, पोरीचं गाणं आहे पाचला. नांदेडला. मी गेलो नाही तर मला राग आलाय असं समजेल ती."

आजोबा दचकले. आधी त्यांनी वीणा गळ्यात असताना इतकं बोलल्याबद्दल मला कान धरायला लावला, म्हणजे त्यांनीच धरला, कारण माझे हात गुंतलेले होते. मग ते विचारात पडले. त्यांच्या नातीच्या पोरीचं गाणं होतं, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

"वीणा खाली ठेवता येत न्हाई," ते म्हणाले. "पर गावाभाईर नेऊ नये, असं कुठं हाय?"

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"भजन थांबलं तर सप्ता मोडला. बराबर? वीणा भुईला टेकली तर सप्ता मोडला. बराबर? भजन तर त्या डब्ब्यात पेनड्राईव्हवर हाय, ते लावून देऊ. वीणा तुमच्या गळ्यात हाय. मंग मोडलं काय?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "पर वीणेसंगट यादीवाला पायजे. मी येतो."

त्यांनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. कोणत्या तरी गेल्या वर्षीच्या सप्ताहातलं भजन गावभर घुमायला लागलं. भिंतीवरच्या यादीत मेव्हण्याच्या नावापुढे त्यांनी डाव्या हाताने "जावई, नांदेड, पोरीचं गाणं" असं लिहिलं, चिपळी उचलली, आणि आम्ही निघालो.

फाट्यापर्यंतची दोन किलोमीटर आम्ही पायी चाललो, पुढे मी वीणा वाजवत, मागे ते चिपळी वाजवत. रानात ठिकठिकाणी माणसं गुडघाभर चिखलात उभी होती. आम्हाला पाहून त्यांनी खोरं बगलेत धरून हात जोडले. एकानेही विचारलं नाही की ही वीणा कुठे चालली. वीणा चालली आहे म्हणजे बरोबरच असणार. त्यातल्या एका वाफ्यात माझा मेव्हणा असेल म्हणून मी डोळे ताणले, पण त्याचं रान दुसऱ्या अंगाला होतं.

अडीचची एसटी आली. आजोबांना तिकीट माफ, माझं पूर्ण. कंडक्टरने वीणेकडे पाहिलं. लगेजचं काय, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी "रामकृष्णहरी" म्हणालो. तोही "रामकृष्णहरी" म्हणाला आणि पुढे गेला. गाडीत निम्म्या सीट रिकाम्या होत्या. मी बसायला वाकलो, तर आजोबांनी कोपराने ढोसलं.

"पहारा उभ्यानं असतो."

आजोबा मात्र खिडकीजवळ बसले. मी वरचा दांडा धरू शकत नव्हतो, एक हात वीणेच्या दांडीवर आणि दुसरा तारांवर. प्रत्येक ब्रेकला मी दोन सीट पुढे आणि गिअरला तीन सीट मागे जायचो. तशा अवस्थेत लोक माझ्या पाया पडत होते. एका बाईने माझ्या शर्टाच्या खिशात केळं खोवलं. एका माणसाने नवीन मोबाइल वीणेला लावून घेतला. एका आजीबाईंनी सुनेला कधी दिवस जातील असं विचारलं, मी "रामकृष्णहरी" म्हणालो आणि त्यांचे डोळे भरून आले. मी मोजणीला गेलो की लोक मला शिव्या देतात. एवढा मान मला नोकरीच्या तेवीस वर्षांत मिळाला नव्हता.

निम्म्या वाटेत माझ्या खिशातला फोन वाजला. तो केळ्याखालून आजोबांनी काढला. बायको होती. तिचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता.

"अहो, कुठे आहात?"

"मी बोलून राहिलो, पोरी."

"आजोबा? हे कुठे आहेत?"

"हितंच हायेत. पर त्यांना बोलता येत न्हाई."



"बोलता येत नाही म्हणजे? काय झालं त्यांना?"

"काय न्हाई झालं. तोंड चालू हाय. उभे हायेत. हात तेवढे मोकळे न्हाईत."

"दवाखान्यात नेलं का?"

"कशाला? नांदेडलाच आणून राहिलो की."

बायकोने हंबरडा फोडला. मी जिवाच्या आकांताने फोनच्या दिशेने "रामकृष्णहरी! रामकृष्णहरी!" असं ओरडलो, मी ठणठणीत आहे हे तिला कळावं म्हणून. ते ऐकून ती अजूनच रडायला लागली. आजोबांकडून आधीच सगळी हकिगत ऐकलेल्या मागच्या सीटवरच्या बाईने फोन आपल्या हातात घेतला आणि दोन मिनिटांत सगळं नीट समजावून सांगितलं. मग बायको रडायची थांबली आणि मला अनेक गोष्टी म्हणाली. त्या बाईने त्यातली एकही मला सांगितली नाही, फक्त माझ्याकडे दयेने पाहिलं.

नांदेडच्या स्टँडवर उतरेपर्यंत पाच वाजून गेले होते. ऑटोत उभं कसं राहायचं, हा प्रश्न आला. आजोबांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निर्णय दिला, "वाकलेलं म्हंजे उभंच." मी वाकलो. त्या स्थितीत कॉलेजपर्यंत जाताना सिग्नलवरच्या पोलिसाने आम्हाला आधी शिट्टी मारली आणि मग नमस्कार केला.

कॉलेजच्या सभागृहाच्या दारात बिल्ला लावलेला एक मुलगा उभा होता. त्याने वहीत पाहून मला विचारलं, "भक्तिगीत का? तुमचा नंबर बारावा. स्टेजमागे जा."

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"हो, तेच. बारावा."

आजोबांनी त्याला बाजूला सारलं आणि आम्ही मागच्या दाराने आत शिरलो. कार्यक्रम नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झालेला, हे माझं नशीब. शेवटच्या रांगेत बायको बसली होती. तिने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मी तिच्या मागे, भिंतीशी उभा राहिलो. आजोबा तिच्या शेजारी बसले आणि केळं खायला लागले.

पाच मिनिटांनी मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर आली. निळ्या साडीत ती मला एकदम मोठी वाटली, अनोळखीच. तिने माइकसमोर बसून सभागृहावरून नजर फिरवली आणि ती नजर मागच्या भिंतीशी येऊन थांबली. गळ्यात वीणा घातलेला बाप, बाजूला प्लॅस्टरमधले पणजोबा. तिचा ओठ हलला. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाणार. पण तिने मान खाली घातली, तंबोऱ्याचं यंत्र चालू केलं आणि डोळे मिटले.

भूपातली छोटी बंदिश होती. स्थायीची पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीत तो गंधार आला, आणि तो उतरला. फार नाही, केसभर. दुसऱ्या कोणाला कळला नसता. मला कळला. माझं तोंड उघडलं. बोट वर जायला लागलं, पण ते तारेत होतं, तार फक्त जराशी वाजली. तोंडातून शब्द बाहेर पडला तो "रामकृष्णहरी" होता, तोही हळू, स्वतःपुरता. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून हात जोडले.

आणि मग गाणं पुढे गेलं.

हे मला नीट सांगता येत नाही. ते पुढे गेलं. नऊ वर्षांत ते कधीच पुढे गेलं नव्हतं, कारण दर वेळी मी तिथे "वर" म्हणायचो आणि ती थांबायची, पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, पुन्हा तिथे यायची, पुन्हा मी म्हणायचो. ती स्थायी संपवून अंतऱ्यात गेली. वरच्या षड्जावर जाऊन ती ठामपणे उभी राहिली. तिथून ती हसत हसत खाली आली, खरोखर हसत होती ती. एक छोटी तान घेतली. ती तिला कोणी शिकवली, कधी बसवली, मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलीचा अंतरा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी रडायला लागलो. हात मोकळे नसल्यामुळे नाक पुसता आलं नाही, ते बायकोने पदराने पुसलं. 

त्यानंतर गंधार पुन्हा आला की नाही, कसा आला, मला आठवत नाही. मी मोजत नव्हतो.

टाळ्या वाजल्या. आम्ही बाहेर कॉलेजच्या पार्किंगमध्ये आलो, तोच दोन मोटारसायकली धुरळा उडवत फाटकातून आत आल्या. पुढच्या गाडीवर माझा मेव्हणा होता, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. त्याची पाच मिनिटं दोन तासांनी संपली होती, आणि तो परत आला तेव्हा मंदिरात पेनड्राइव्ह गात होता आणि वीणा नव्हती. जावयाने वीणा पळवली, अशी बातमी तोवर शेजारच्या तीन गावांत पोचली होती.

"दाजी, लई उशीर झाला, माफी करा," म्हणत त्याने बाटलीतल्या पाण्याने हातपाय धुतले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. म्हणजे आता मी त्याच्या पाया पडायचं, वीणा त्याच्या गळ्यात घालायची आणि माझा पहारा संपला.

तेवढ्यात मुलगी धावत आली. साडी दोन्ही हातांनी वर धरलेली, कपाळावर घाम. ती आधी पणजोबांच्या पाया पडली. मग माझ्यासमोर येऊन थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या डोळ्यांत मघाचं हसू अजून शिल्लक होतं आणि त्याच्या मागे जुनी भीती, ती मी चांगली ओळखतो.

"गंधार उतरला ना?" तिने विचारलं.

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"मला माहितीये उतरला. तिथेच उतरतो." ती एकदम भरभर बोलायला लागली. "क्लासमध्ये नाही उतरत, बाबा. बाई म्हणतात तुझा गंधार सगळ्यांत चांगला आहे. तुम्ही असलात की त्या जागेच्या आधीच मला वाटतं की आता तुम्ही थांबवणार. मग मी थांबायच्या तयारीनेच तिथे जाते. आज पण तशीच गेले. आणि तुम्ही थांबवलंच नाही."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी ज्याच्यावर बोट ठेवत होतो, तो केसभर उतार माझाच होता. मला लाज वाटली, आणि ती इतकी होती की तिच्यापुढे लातूरचं लग्न काहीच नव्हतं.

"अंतरा कसा झाला?" तिने हळूच विचारलं.

मला खूप बोलायचं होतं. षड्जाबद्दल, त्या तानेबद्दल. आणि खरं सांगायचं तर, तानेच्या शेवटी तिने श्वास जरा लवकर घेतला होता, तेही माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"दाजी, द्या वीणा," मेव्हणा म्हणाला. "तुमचा पहारा झाला."

मी एक पाऊल मागे सरलो आणि वीणा दिली नाही. माझ्या तोंडाचा मला अजून भरवसा नव्हता.